सेलूचं घरगुती येसर, काठमांडूच्या कर्फ्यूत शिजवून पाहिलेलं

मी खाण्यापिण्यावर लिहिणारा माणूस नाही. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, जिंतूर आगारात. तेवढ्या काळात लिहिलं काय, तर वेबिल, म्हणजे फेरीतल्या तिकिटांच्या हिशोबाचा कागद. पण आमच्या सेलूत गल्लीतल्या एक काकू घरी येसर करून विकतात. त्या येसराचे दोन पुडे २०२५च्या सप्टेंबरात माझ्यासोबत काठमांडूपर्यंत गेले आणि तिथंच संपले. ते कसे संपले हे सांगितल्याशिवाय माल चांगला की वाईट, हे सांगता येणार नाही. म्हणून जरा लांबण लागेल.

आधी येसर म्हणजे काय ते. मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही, पण पुण्यातल्या माझ्या साडूला अजून ते गोडा मसाला वाटतं. येसरात धान्य असतं. काकू ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ आणि मूठभर तांदूळ घेतात. मग धने, जिरे, सुकं खोबरं, लाल मिरची, दगडफूल, तेजपान, लवंग, मिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण डाळीला लागतो तेवढा जाळ जिऱ्याला लावला तर जिरं कडू होतं. मग सगळं एकत्र दळायचं. आमच्याकडं लग्नघरात हळदीच्या बरोबरीनं येसर दळतात, आणि पंगतीत येसराची आमटी नसली तर म्हातारी माणसं जेवण झालं असं धरत नाहीत. मुद्दा असा की धान्य आणि डाळ आतच असल्यानं आमटीला वेगळं वरण लावावं लागत नाही. फोडणी, पाणी, मीठ, एक उकळी. झालं.

पाव किलोचा पुडा १२० रुपयांना. मी दोन घेतले. म्हणजे बायकोनं घेतले, पैसे मी दिले, आणि "नेपाळात जाऊन काय आमटी करायलीस?" असंही मीच म्हणालो. ती म्हणाली, "असू द्या वो." ह्या तीन शब्दांपुढं आमच्या घरात माझं काही चालत नाही.

महालक्ष्म्या उठल्या, गणपती पोराच्या हवाली केला आणि ४ तारखेला निघालो. सेलूहून मनमाड, मनमाडहून गोरखपूर, तिथून बसनं नेपाळच्या हद्दीवरचं सोनौली. सेलू, मानवत, पाथरी आणि जिंतूरचे मिळून २३ जण. पंचावन्नच्या खालचा एकच, टूर काढणारा पोरगा. लुंबिनी, काठमांडू, पोखरा असा बेत. पोखरा आम्ही अजून पाहिलेलं नाही.

पहिली तक्रार गोरखपूरच्या आधीच. काकू पुडा स्टेपलरनं बंद करतात. साधी प्लॅस्टिकची पिशवी, तोंड दुमडायचं आणि दोन पिना. रात्री बर्थखाली बॅग दाबली गेली, एक पिन सुटली आणि माझे दोन पांढरे शर्ट येसरी रंगाचे झाले. वास धुतल्यावरही गेला नाही. सोनौलीला तपासणीत एका जवानानं बॅग उघडली, पुडा नाकाशी नेला आणि सलग तीनदा शिंकला. आम्हाला लगेच सोडलं, हा फायदाच म्हणायचा.

७ तारखेला रविवारी लुंबिनीहून काठमांडूला जाताना खग्रास चंद्रग्रहण आलं. दुपारी एकच्या सुमारास वेध लागणार, म्हणून बसमध्ये बायकांनी त्याच्या आत दशम्या सोडल्या. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढं पंधरा मिनिटं. मग वेध इथल्या वेळेनं धरायचे का सेलूच्या, यावर मानवतच्या आजी आणि पाथरीचे गुरुजी यांच्यात जे जुंपलं ते मुग्लिंगपर्यंत चाललं. रात्री गौशाळा भागातल्या लॉजवर पोचलो ते सगळे उपाशी. गौशाळा पशुपतिनाथाला लागूनच आहे आणि विमानतळ इतकं जवळ, की विमान उतरताना खिडकीचं तावदान थरथरतं. पहिल्या रात्री त्या आवाजानं झोप लागली नाही. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

सोमवारी पहाटे पशुपतिनाथाचं दर्शन झालं. सोमवार, महादेव, ग्रहण सुटल्यावरचं स्नान, बायका खूश. दुपारी बाजार बघू म्हणून निघालो तर लॉजचा मालक दारात आडवा. त्याला सगळे दाइ म्हणत, म्हणून आम्हीही दाइच. म्हणाला, बानेश्वरला गोळीबार झालाय, कर्फ्यू लागलाय, कोणी बाहेर पडायचं नाही.

काय झालं ते संध्याकाळी टीव्हीवर कळत गेलं. तिथल्या सरकारनं ४ तारखेला, म्हणजे आम्ही सेलूहून निघालो त्याच दिवशी, फेसबुक, व्हॉट्सअप, यूट्यूब अशा २६ ठिकाणांवर बंदी घातली होती. त्यावरून आणि नेत्यांच्या भ्रष्टाचारावरून कॉलेजची पोरं रस्त्यावर उतरली. शाळेच्या गणवेशातलीसुद्धा. एका दिवसात १९ जीव गेले. लॉजवर भांडी घासायला आणि स्वयंपाकाला हाताखाली असणाऱ्या दिदीचा भाचा मोर्चात होता. तो सापडेपर्यंत ती जिन्यात बसून होती. रात्री सापडला, धडधाकट.

आमच्या टूरवाल्या पोराचा सगळा कारभार व्हॉट्सअपच्या ग्रुपवर. बसवाल्याचा नंबर, पोखऱ्याचं बुकिंग, जेवणाचा मेनू, सगळं त्यात, आणि ते बंद. त्याला दोष देत नाही, पण मी त्याला एवढं म्हणालो, "बाबा, एक डायरी ठेवावी माणसानं." सोमवारी रात्री बंदी उठली. मग पोराचे आणि सुनेचे निरोप एकामागून एक धाडधाड येऊन पडले. शेवटचा होता: "काय करायलाव तिथं? फोन कामून उचलंनात?"

मंगळवार, ९ तारीख. बंद मला नवा नाही. बंद म्हटलं की कंडक्टर आधी पाणी बघतो, मग डिझेल, मग गाडी आगारात नेऊन लावतो आणि चारची वाट बघतो. आपल्याकडचा बंद बहुतेक चारला सुटतो. २०२१-२२चा आमचा संप महिनोन्‌महिने चालला, तोही काढला. अंतरवाली सराटीच्या लाठीमारानंतर एसट्या जळाल्या त्या आठवड्यात मी निवृत्त होऊन घरी होतो, पण जळालेल्या गाडीचा वास मला ठाऊक आहे. त्या दिवशी लॉजच्या गच्चीवरून दक्षिणेकडं आणि पश्चिमेकडं काळे लोट दिसत होते, एका जागी नाही, चार-पाच जागी. दाइ बोट दाखवून सांगत होता, ती संसद, तो सिंहदरबार, म्हणजे तिथलं मंत्रालय. दुपारी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला. आणि मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की बराच वेळ एकही विमान आलेलं नाही. विमानतळ बंद. तावदानं गप्प. पहिल्या रात्री ज्या आवाजाला शिव्या घातल्या, त्याची वाट बघत सगळे गच्चीत बसले. रात्री दहाला सैन्यानं बंदोबस्त ताब्यात घेतला.

मी दाइबरोबर खाली जाऊन कोठी बघितली. वेबिल लिहिल्यासारखं लिहून काढलं: तांदूळ दीड पोतं, बटाटे पाच-सहा किलो, मसूर डाळ किलोभर, मोहरीचं तेल एक डबा, लसूण बऱ्यापैकी, कांदे चार, मैदा दोन किलो, एक भरलेला सिलिंडर आणि एक हलवला तर किंचित वाजणारा. भाजी शून्य, ती रोज सकाळी कालीमाटीच्या बाजारातून यायची. आचारी सोमवारीच गावाकडं निघून गेला होता. खाणारी तोंडं: आम्ही २३, मोतिहारीचं पाच जणांचं कुटुंब, दाइ आणि दिदी. बेरीज ३०. मंगळवारीच डाळ संपली. धपाटे सोनौलीलाच संपवले होते, दशम्यांना बुरशी लागायच्या बेतात होती, शेंगदाण्याची चटणी होती पण तिनं भात ओला होत नाही.

बुधवारी सकाळी लाउडस्पीकरवरून घोषणा. संध्याकाळी पाचपर्यंत बाहेर पडायला मनाई, पुढं गुरुवारी सकाळी सहापर्यंत कर्फ्यू. बायकोनं काही न बोलता बॅगेतून येसर काढलं.

इथून खरं परीक्षण सुरू होतं.

तिनं आधी पुडा पातेल्यात ओतला आणि थंड पाण्यात कालवला. हे महत्त्वाचं आहे. येसर थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात आणि मग रवीनं घोटलं तरी फुटत नाहीत. सगळा पुडा, पाव किलो. मी म्हणालो, निम्मा ठेव. ती म्हणाली, तीस माणसं हायेत. कालवलेलं येसर ताकाएवढं पातळ झालं, रंग विटेसारखा. मग तेल. आमचं तोंड करडीच्या तेलाचं; मोहरीच्या तेलाचा तिला भरवसा नव्हता. दिदीनं खुणेनं सांगितलं की धूर निघेपर्यंत तापू दे, मग त्याचा उग्रपणा जातो. तसं केलं. लसूण ठेचून टाकला. जिरं टाकणार तेवढ्यात दिदीनं एका डबीतून वाळक्या गवतासारखं काहीतरी चिमूटभर काढलं. जिम्बू. हिमालयात वर होतं म्हणे, तिकडं डाळीच्या फोडणीला घालतात. तेलात पडताच ते काळं झालं आणि लसूण आणि कांदा यांच्या मधला एक वास सुटला. बायको माझ्याकडं बघायली, मी तिच्याकडं. मग तिनं पाणी ओतलं, सहा-सात लिटर असेल, आणि उकळी फुटल्यावर कालवलेलं येसर बारीक धारेनं सोडलं.

पहिली पाच मिनिटं काहीच नाही, नुसतं गढूळ पाणी. मग धान्य फुलायला लागलं तसा रस्सा दाटला, वर तेलाचा तवंग आला, आणि तो वास जिना चढून वर गेला. मानवतच्या आजी दोन दिवस खोलीबाहेर आल्या नव्हत्या. त्या भिंतीला धरून खाली आल्या आणि म्हणाल्या, "कुणाचं लगीन हाय?"

आजींच्या पिशवीत दोन किलो ज्वारीचं पीठ निघालं. परात नव्हती, म्हणून जेवायच्या मोठ्या ताटात मळून त्यांनी भाकरी थापल्या. गॅस वाचवायचा म्हणून माणशी अर्धी, बाकी भात. मी वाटीनं मोजून वाढलं, ती माझी सवय. ३० वाट्या झाल्या आणि तळाला दोन उरल्या. १२० रुपयांत ३० वाट्या. म्हणजे वाटीला चार रुपये, तेल-मीठ सोडून.

चवीचं सांगतो. तिखट आहे. सेलूच्या मापानं मध्यम, मोतिहारीच्या मापानं जहाल. त्या कुटुंबातली सात-आठ वर्षांची पोर पहिल्या घासाला रडली. मग तिला भातात चमचाभर कालवून वर भरपूर भात घालून दिलं. खोबऱ्याचा गोडवा मागून येतो, तो आल्यावर तिखट निवतं, पण तेवढा धीर धरावा लागतो. धने जास्त आहेत, मला आवडले. लवंग एका जागी दातात आली, नीट दळली गेली नव्हती. मीठ येसरात घातलेलं नाही, हे काकूंचं शहाणपण. कंपन्यांच्या तयार मसाल्यात मीठ आधीच असतं आणि मग वाढवायचं म्हटलं तर आमटी खारट होते. एक दोष मात्र आहे. निवली की ती घट्ट होत जाते, अर्ध्या तासात पिठल्यासारखी. दुसऱ्या पंगतीला गरम पाणी घालावं लागलं आणि तिची चव पहिल्या पंगतीइतकी राहिली नाही. दाइ दुसऱ्या पंगतीला होता. त्यानं विचारलं, "यो कुन दाल हो?" बायको म्हणाली, "दाल नाही, येसर." तो "एसर, एसर" म्हणत तिसऱ्यांदा भात घेऊन आला.

आम्ही हात धुत होतो तेव्हा तावदानं थरथरली. विमान. बुधवारी संध्याकाळी विमानतळ उघडलं होतं. कोणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. पाथरीचे गुरुजी तेवढं म्हणाले, "हां, झाली सुरू येरझार," जसं काय आमची पाथरी-सेलू फेरीच लागली होती.

पुढचं थोडक्यात. आमची तिकिटं रेल्वेची, त्यामुळं विमानं सुरू होऊन आम्हाला उपयोग नव्हता. गुरुवारी सकाळी सहा ते दहा ढील मिळाली, तेव्हा मी आणि दाइ रांगेत लागलो. इथं माझी एक जुनी खोड कामाला आली. निघताना मी शंभराच्या नोटांचं बंडल घेतलं होतं. तिकडं तेव्हा आपली मोठी नोट चालत नव्हती, शंभराची घ्यायचे आणि १६० नेपाळी धरायचे. कंडक्टर सुट्ट्याशिवाय घर सोडत नाही. बरोबरच्या काहींकडं नुसत्या पाचशेच्या होत्या आणि एटीएमची दारं बंद, त्यांचीही खरेदी मीच केली, हिशोब लिहून. चिउरा मिळाला, म्हणजे आपले पोहेच, पण जाड. बटाटे मिळाले, दुधाची पिशवी नाही.

दुसरा पुडा, तो सांडलेला, शुक्रवारी काढला. त्यात दोनशे ग्रॅमसुद्धा उरलं नसेल. बटाटे घालून रस्सा केला आणि मैद्याच्या चकोल्या सोडल्या. चकोल्या चिकट झाल्या, टाळूला डकल्या. तो दोष मैद्याचा, येसराचा नाही, पण परीक्षण म्हटल्यावर लिहिलं पाहिजे: चकोल्या करायच्या तर कणीकच घ्या. त्या रात्री टीव्हीवर सुशीला कार्की यांचा शपथविधी झाला, तिथल्या माजी सरन्यायाधीश, देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान. बनारसला शिकलेल्या आहेत हे कळल्यावर मोतिहारीवाले असे खूश झाले की जसं काय पोरगी त्यांच्याच गावची. दिदी ताट घेऊन टीव्हीसमोर बसली आणि चकोल्या न कुरकुरता खाल्ल्या.

शनिवारी कर्फ्यू उठला, आम्ही बस धरून सोनौली गाठलं, आणि १६ तारखेला सेलूच्या फलाटावर उतरलो. दुसऱ्या दिवशी मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला शाळेत गेलो तो येसराचा डाग असलेला शर्ट घालून, दुसरा धुतलेला नव्हता. पोखऱ्याच्या पैशांचा हिशोब टूरवाल्याशी अजून चालू आहे, तो इथं नको.

झेंडावंदनाहून परत येताना काकूंकडं गेलो. सगळं ऐकवलं. तीस माणसं, मोहरीचं तेल, जिम्बू. काकू भाजत होत्या, उलथनं थांबलं. "माझ्या येसरात गवत घातलं?" मी म्हणालो, चांगलं लागलं. त्या म्हणाल्या, "चांगलं लागायलाच पायजे, येसर माझं हाय." कौतुक त्यांनी तेवढ्यावरच मिटवलं आणि विचारलं, "पाणी किती घातलं?" सहा-सात लिटर म्हणालो. "लई झालं. पाच घालायचं. घट्ट झाल्यावर वरून ओतलं असंल मग." मी गप्प.

मी त्यांना पुड्याचं सांगितलं. पिना काढा, गरम करून तोंड बंद करायचं मशीन घ्या, आणि पुड्यावर दळल्याची तारीख टाका, कारण आत खोबरं आहे. दोन महिन्यांनी खवट होतं हे मला घरच्या डब्यावरून माहीत आहे. तारीख नसेल तर बाहेरगावच्या माणसानं कशावर भरवसा ठेवायचा? पिनांचं त्यांनी ऐकलं. दिवाळीच्या आधी गेलो तर पुडा मेणबत्तीवर चिकटवलेला होता, वाकडा पण बंद. तारखेला मात्र म्हणाल्या, "ताजं संपतंच की, तारीख कशाला?" किंमतही १३० केली आहे, खोबरं महागलं म्हणून.

घ्यायचं असेल तर स्टेशन रोडला येऊन कोणालाही येसरवाल्या काकू म्हणून विचारा. पाटी नाही, फोन त्या उचलत नाहीत. सकाळी अकराच्या आत जा, दुपारी जातं बंद असतं. स्वतःचा डबा नेला तर तोलून देतात आणि वर मूठभर जास्तच घालतात. मी पाच पुडे आणले आहेत. एक दाइला पाठवायचा आहे. पोस्टात विचारलं तर समोरच्यानं पुडा हातात घेतला, वास घेतला, शिंकला, आणि म्हणाला, आधी डब्यात घालून आणा.